चिनी नागाची पत्रिका

आमच्या गुंद गावातल्या शेवंताक्कांना कुणाला नुसतं "या" म्हणणं जमत नाही. गाय व्याली, खरवस खायला या, एवढ्यासाठीही त्या पत्रिका काढतात. अक्षर माझं, कारण मी शेजारीण. "तोंडानं सांगितलेलं मानूस इसरतंय, सुमन. कागद आला की यावंच लागतंय," हे त्यांचं ठरलेलं बोलणं.

मे महिन्यात एका सकाळी त्या दारात. "लिही. परीचा वाडदिवस. चिनी."

परी म्हणजे त्यांची बंगळूरची पाच वर्षांची नात. तिनं फोनवर आजीला फर्मावलं होतं, चायनीज पार्टी हवी. कंदील, ड्रॅगन, नूडल्स.

पत्रिका दोन भाषांत करायची होती. गावासाठी मराठी, सुनेच्या धारवाडच्या माहेरासाठी कन्नड. गाडं अडलं ड्रॅगनपाशी.

"त्यो काय असतोय?"

"सापासारखा, लांबडा. तोंडातनं जाळ काढतोय."

"मग नाग लिही की! कन्नडातबी नागच. एका शब्दात दोनी भाषा भागल्या."

"अक्का, लोकांचा घोळ हुईल."

"चिनी नाग लिही. मग कसा हुईल?"

लिहिलं. पत्रिका गावभर गेल्या. अक्कांच्या मुलाला माझ्या मोबाइलवरून पत्रिकेचा फोटो गेला आणि लगेच त्याचा फोन आला. त्याला काही विचारलेलंच नव्हतं!

"आये, मला रजा कुठं हाय?"

"आता वाटून झाल्यात रे. चिनी पावण्यांना काय तोंड दाखवू?"

"कुठलं चिनी पावणं?"

अक्कांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि त्या गोठ्यात निघून गेल्या.

तो आला. बायको, परी, सासूबाई, सगळ्यांना घेऊन. अंगणात त्यानं रंगीत कागदांचा ऐटबाज ड्रॅगन टांगला. गावातल्या बायका आल्या त्या दूध-लाह्या घेऊनच. बघता बघता ड्रॅगनच्या कपाळाला हळदकुंकू लागलं. धारवाडच्या विहीणबाईंनी तर "नागप्पा, कापाडप्पा", म्हणजे नागोबा, सांभाळ रे बाबा, म्हणत त्याच्यापुढं नारळ ठेवला. परी टाळ्या पिटत ओरडत होती, "आमचा ड्रॅगन दूध पितो!" नूडल्सच्या जागी शेवया खपल्या. "झालं का न्हाई चिनी?" असं अक्का ज्याला त्याला विचारत होत्या.

दुपारी पंगती उठल्या तरी अक्का जेवायला येईनात. ताट घेऊन मी आत गेले. परी त्यांच्या मांडीवर गाढ झोपली होती.

"द्या तिला इकडं. पाय बधिर झाला असंल तुमचा."

"झालाय की," त्या कुजबुजल्या. "ऱ्हाऊ दे. मागल्या खेपेला आली, तवा माज्याजवळ येतबी नव्हती."