शेवभाजी आणि ब्लडप्रेशरची गोळी

मोबाईल रश्श्यात पडला तेव्हा कारखान्याची पाळी नुकतीच सुटली होती आणि बाहेर बसायला खुर्ची मिळेना. शेवभाजीचं मोठं पातेलं, रस्सा उकळता. प्रल्हादरावांनी सरळ हात घातला, बोटं भाजली, मग झाऱ्याने फोन बाहेर काढला. त्यातून तर्री गळत होती. बोटांबद्दल चकार शब्द नाही. म्हणाले, "आक्का, आजची गोळी राहिली."

पातेलं मोरीत ओतावं लागलं. आमचा मालक दिनेशभाई कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, आज से व्हिडिओ बंद. एकदम बंद."

हे हॉटेल सिल्वासात आमली भागात आहे. दिनेशभाई माणूस गुजराती, पण नरोली-खडोलीच्या कारखान्यांत धुळे-जळगावकडची पोरं इतकी, की याने खान्देशी जेवण सुरू केलं आणि भाकरी थापायला मला ठेवलं. प्रल्हादराव धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर होते. निवृत्त झाल्यावर इथे जेवायला यायचे, ते हळूहळू हॉटेलचे व्हिडिओच काढायला लागले.

कारखाना सुटला, पण अंगातला सुपरवायझर काही गेला नाही. तव्यावर भाकरी फुगली की हे फोन घेऊन हजर. "थांबा आक्का! वाफ गेली. रिजेक्ट. दुसरी लावा."

"आणि ही रिजेक्ट भाकरी काय तुमच्या डोक्यावर घालू?"

मग ती स्वतःच खायचे, उभ्याने, ठेच्याबरोबर. व्हिडिओत बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. माझेसुद्धा फक्त हात घ्यायचे. "तोंड नको आक्का, गिऱ्हाईक घाबरेल."

फोन पडला तोही या वाफेपायी. वाफ थेट वरून पाहिजे, म्हणून फोन बांबूच्या काठीला कारखान्यातल्या धाग्याने बांधला. मी म्हटलं, पडेल. म्हणाले, "आमचा धागा तुटत नाही." तुटला नाहीच. तेलकट फोन धाग्यातून निसटला. नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो धागा दाखवत होते, बघा, आहे का कुठे तुटलेला!

खरी भांडणं गोळीवरून व्हायची. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी हे स्वतः ताटावर बसायचे, घास खायचे, मग खिशातून ब्लडप्रेशरची गोळी काढून कॅमेऱ्याला दाखवायचे आणि पाण्याबरोबर गिळायचे. खाली लोक लिहायचे, थाळीबरोबर गोळी फुकट आहे का? दिनेशभाई रडकुंडीला यायचा.

"काका, लोग समजेंगे अपने खाने से तबियत बिगडती है!"

"बाकी काय पाहिजे ते काप, दिनेश. गोळी राहू दे."

व्हिडिओ बंद झाले, तरी ते रोज येऊन कोपऱ्यात जेवायचे. भाजलेल्या बोटांत घास ठरत नव्हता. एकदा विचारलंच, "गोळी कुणाला दाखवता हो एवढी?"

"बायकोला."

बायको पुण्याला मुलाकडे गेली ती नातवंडं सांभाळायला, आणि तिकडचीच झाली. कान पार गेलेत. "फोनवर तिला ऐकू येत नाही. मग मी ओरडतो. ती म्हणते, लांब राहूनसुद्धा भांडता. व्हिडिओ मात्र बघते. शेजारच्या बायकांना दाखवते, हे आमचे म्हणून."

"मग मुलाला कळवा ना फोन बिघडला ते. घ्या माझा."

"तो विचारेल, एकटे कशाला राहता."

"मग जा की पुण्याला!"

"एकटे कशाला राहता, एवढंच विचारतो तो, आक्का. या म्हणत नाही."

मी भाजी वाढली.

पुढे काही दिवसांनी गल्ल्यावरचा फोन वाजला. नंबर प्रत्येक व्हिडिओखाली असतोच. दिनेशभाईने उचलला आणि झटकन कानापासून लांब धरला. बाईचा आवाज, बहिऱ्या माणसाचा असतो तसा मोठा.

"हॉटेलवालं का? ते गोळीवाले बाबा आहेत का गेले?"

प्रल्हादराव ताटावरून उठले, उष्ट्या हातानेच फोन घेतला. "आहे! मी आहे! गोळी घेतो, रोज घेतो!" सगळं हॉटेल जेवायचं थांबलं.

"हॅलो? कोनी बोलत का नाही? अहो, कोनी सांगा ना!"

हे ओरडत राहिले, मानेच्या शिरा ताठ. ती विचारत राहिली. मग तिने फोन ठेवला.

कुणी हसलं नाही. दिनेशभाईने स्वतःचा मोबाईल काढला. "काका, बैठो. आक्का, गरम भाकरी दो."

भाकरी दिली. त्यांनी घास खाल्ला, गोळी दाखवली, गिळली. दिनेशभाईने काहीएक न कापता व्हिडिओ तसाच टाकला.

परत फोन आला नाही, म्हणजे तिने पाहिला असेल, असं आम्ही धरलं. हात धुऊन ते खोलीवर गेले. ती पुण्याला आहे, हे नरोलीला. दोघंही जिवंत आहेत.