रेग्यांचं भिक्षापात्र

आमच्या मल्लेश्वरमच्या इमारतीतले रेगे वांगं चिरण्याआधी त्याची क्षमा मागतात, तीही कन्नडमध्ये. "क्षमिसी अम्मा, स्वल्प क्षमिसी," असं पुटपुटतात आणि मगच सुरी चालवतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, "वांगं कोलारकडचं. त्याला मराठी कुठून कळणार?"

सरकारी कारखान्यात इंजिनियर होते तोवर रेगे चारचौघांसारखे जेवायचे. निवृत्तीनंतर त्यांना अध्यात्म झालं. आधी एका स्वामींच्या प्रवचनांना जाऊन आले आणि तामसी म्हणून कांदा-लसूण सुटला. मग बौद्ध शिबिराला जाऊन आले आणि वासराच्या तोंडचं म्हणून दूध सुटलं. तिथूनच त्यांनी एक लाकडी वाडगा आणला. त्याला वाडगा म्हटलेलं त्यांना खपत नाही. "पात्र म्हणा. ताटात माणसाचा अहंकार वाढतो." अहंकार वाडग्यातही चांगला मावतो, हे मी त्यांच्याकडे पाहूनच शिकलो.

त्यांच्या सत्यनारायणाला पंचामृतात बदामाचं दूध, सोयाचं दही आणि मधाऐवजी खजुराचा पाक होता. देवाने तक्रार केली नाही. त्याला गिळावं लागत नाही.

रविवारी सकाळी बागेतल्या बाकावर रेग्यांचं निरूपण चालायचं. एकदा मी खोडी काढली. "रेगे, भिक्षूच्या पात्रात जे पडेल ते तो मुकाट खायचा म्हणे. अगदी मांससुद्धा. फक्त त्याच्यासाठी मारलेलं नसलं म्हणजे झालं."

"पळवाट!" रेगे कडाडले. "जिभेने शोधलेली पळवाट!"

त्यानंतर वेंगुर्ल्याहून त्यांची आई राहायला आली. नव्वदीची, आठवणी विरलेली. रेग्यांनी तिच्यापुढे नाचणीची आंबील ठेवली, उकडलेला दुधी ठेवला, सोयाचं दही ठेवलं. ती तोंड फिरवायची. बघता बघता तिच्या गळ्याची हाडं वर आली. डॉक्टर म्हणाले, "मागेल ते द्या, पण पोटात जाऊ द्या." ती एकच मागत होती: बांगड्याचं तिखलं.

परवा दुपारी जिन्यात मासळीचा वास आला. चक्क रेग्यांच्या घरातून. असा योग पुन्हा येणार नाही, म्हणून मी लगबगीने वर गेलो. दार उघडंच होतं.

म्हातारीपुढे भात आणि लालभडक तिखलं होतं. रेग्यांच्या बोटांना हळद लागलेली, कपाळावर घाम. पण ती जेवत नव्हती. शाळेतून आलेल्या मुलाला म्हणावं तसं साठी उलटलेल्या रेग्यांना म्हणत होती, "बाबू, आधी तू खा. मगे मी जेवतंय."

"मी जेवलोय, आई."

"खोटा बोलतंस." तिने ताट दूर सारलं.

रेगे उठले. मग आत जाऊन वाडगा घेऊन आले आणि तिच्यापुढे धरला. तिने काटे काढले आणि एक घास त्यात ठेवला. रेग्यांनी डोळे मिटून तो खाल्ला. तिने ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागली.

तेव्हा कुठे त्यांना मी दिसलो. 'पळवाट' हा शब्द मी जिना चढतानाच तयार ठेवला होता. तो मी गिळून टाकला.

"क्षमा मागितलीत का?" मी उगाच विचारलं.

"बांगडा मंगळूरकडचा," रेगे म्हणाले. "मला तुळू येत नाही."

आईने दुसरा घास उचलला, तसा त्यांनी वाडगा पुन्हा पुढे केला.