बाबांच्या गिटारची करकर

मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. गेली वीस वर्षं मिलिग्रॅममध्ये विचार करते आहे. त्यामुळे एक गिटार दुरुस्त करणं हे माझ्या लेखी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत उरकायचं काम होतं. सोमवारी संध्याकाळी मी कुकर लावला आणि कामाला बसले. ते काम गुरुवारी रात्री संपलं. संपलं असं मला वाटलं, एवढंच.

गिटार बाबांची. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे न्यूझीलंडला, अप्पर हटला राहायला आले आणि इथल्या भजनी मंडळात जाऊ लागले. या वयात लोक टाळ घेतात. बाबांनी बहात्तराव्या वर्षी इलेक्ट्रिक गिटार घेतली, आणि सोबत टीपॉयएवढा अ‍ॅम्प्लिफायर! मंडळाने दोन रविवार नाकं मुरडली, तिसऱ्या रविवारी शेवटची भैरवी त्यांच्यावर सोपवली, ती कायमची.

गेल्या जूनमध्ये बाबा गेले. या शनिवारी वर्ष होत होतं. भाषणं नकोत, बाबांची भैरवी बाबांच्याच गिटारवर वाजवावी, असं मंडळाने ठरवलं होतं. वाजवणार होती माझी मुलगी ऋग्वेदा. वय पंधरा, शिकलेली आजोबांकडूनच. ती आठवडाभर शाळेच्या कॅम्पला गेली होती आणि शुक्रवारी परतणार होती.

अडचण एकच. गिटार करकरायची. जाड तारा छेडल्या की बाटलीत माशी अडकल्यासारखा आवाज यायचा. दोन वर्षांपूर्वी मी एकदा ड्यूटीवरून दमून आले होते आणि म्हणाले होते, "बाबा, ती करकर थांबवता येईल का?"

"बघतो," बाबा म्हणाले. बघितलं काय, तर त्या दिवसापासून घरात असोत की हॉलमध्ये, अ‍ॅम्प्लिफायरचं आवाजाचं बटण त्यांनी दोनच्या पुढे नेलं नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पण गिटार निदान या शनिवारी तरी स्वच्छ वाजावी आणि बटण पुढे नेता यावं, एवढं मला हवं होतं.

मी आधी गिटार पुसून घेतली. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपाशी, जाड तारांच्या खाली, दुधी रंगाची प्लास्टिकची एक पट्टी चिकटवलेली होती, आणि तिच्यात काळ्या दोऱ्याचा तुकडा अडकला होता. मी लगेच ओळखलं. दुकानातलं पॅकिंग! आमच्या घरात टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक रिमोट बिघडेपर्यंत निघत नाही. फ्रिजच्या दारावरचं बाबांनी तीन वर्षं काढू दिलं नव्हतं. तेव्हा गिटारवरचं कोण काढणार? मी पट्टी उचकटली, दोऱ्यासकट कचऱ्यात टाकली आणि व्हिडिओ लावला.

इथे एकदा तार छेडून पाहायला हवी होती. पाहिली नाही.

व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं की गिटारच्या मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ती पाव वळसा फिरवावी. कपाटाच्या खोक्यातून आलेली षटकोनी किल्ली नेमकी बसली. आता आमच्या घराण्यात कुठलीही गोष्ट पाव वळसा घट्ट करत नाहीत. नळ असो की लोणच्याची बरणी, हात दुखला की पुरे. मी सळई हात दुखेपर्यंत पिळली आणि मग तार छेडली. माशीच्या जागी आता अख्खं पोळं होतं! मान मागे वाकली होती आणि तारा मानेवरच्या पहिल्या चार धातूच्या पट्ट्यांवर सपशेल झोपल्या होत्या.

मग मी घोडीकडून तारा वर उचलल्या. करकर गेली, पण तारा इतक्या उंच झाल्या की त्यांवर रुमाल वाळत घालता आले असते. दाबायला बोट नव्हे, गुडघा लागला असता. खाली आणल्या, तर वरच्या पट्ट्यांवर तार ओढली की सूर अर्ध्यातच मरायचा. जरा उचलल्या, तर पोळं परत. मंगळवार असा गेला. बुधवारी सर्वांत बारीक तार तुटली आणि गिटारला नवी तार, माझ्या हनुवटीला बँड-एड आलं. कामावर मी मांजर म्हणून सांगितलं. आमच्याकडे मांजर नाही.

शेवटी मी बाळासाहेबकाकांना फोन केला. काका मंडळात तबला वाजवतात, बाबांचे मित्र, जन्मभर कारखान्यात काढलेले इंजिनियर. स्कूटरच्या प्लगचं अंतर मोजायची पात्यांची जुडी त्यांनी पुण्याहून इथवर आणली होती आणि एकोणीस वर्षं ते ती वापरायची संधी शोधत होते. गुरुवारी दुपारी ते टाय लावून आले.

काकांनी तार पहिल्या पट्टीवर दाबली, शेवटच्या पट्टीवर मला दाबायला लावली, मध्ये पातं सरकवलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी पेशंटला दुप्पट डोस दिला आहे. सळई सैल करून ते थांबले. लाकूड एकदम ऐकत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो, असं म्हणून तीन कप चहा होईपर्यंत त्यांनी लाकडाला वेळ दिला. मग पाव वळसा, मग पातं, मग घोडी, मग पुन्हा पातं. रात्री नऊला त्यांनी सगळ्या तारा एकेक करून छेडल्या. काचेसारखा स्वर! कुठेही काही अडकत नव्हतं, काही कण्हत नव्हतं. काका इतके खूश झाले की घाईत षटकोनी किल्ली आपल्याच खिशात घालून गेले.

शुक्रवारी दुपारी ऋग्वेदा आली. बॅग दारात टाकून तिने गिटार घेतली, जाड तार छेडली आणि थांबली.

"आई, व्हेअर्स द जवारी?"

मी म्हटलं, कसली जवारी?

"आजोबांची."

मग कळलं. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवतात आणि तो स्वर गुणगुणायला लागतो, तीच जवारी बाबांनी गिटारला केली होती. पट्टी कातरून, घासून, दोरा मागेपुढे करत चार महिने. ती करकर बिघाड नव्हती, ती त्यांनी बनवलेली होती! आणि हे ओळखलं नव्हतं ते कोणी? मी, लहानपणी पाच वर्षं गाण्याच्या क्लासमध्ये तानपुऱ्याला रोज दोरा लावलेल्या मुलीने. म्हणजे सोमवारी पट्टी काढली त्या क्षणी गिटार मुकी झाली होती. पुढचे चार दिवस मी माझीच करकर दुरुस्त करत होते.

मी बाहेर धावले. लाल झाकणाचा डबा रिकामा होता. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती.

पट्टी कशाची केली होती, असं मी विचारलं. ऋग्वेदा जरा घुटमळली.

"डोन्ट बी मॅड. तुझ्या हॉस्पिटलच्या जुन्या कार्डची."

ते माझ्या पहिल्या नोकरीचं कार्ड! त्यासाठी मी एक अख्खा रविवार घर उलटंपालटं केलं होतं. बाबाही माझ्याबरोबर शोधत होते. सोफ्याखाली टॉर्च मारून, गुडघे दुखत असताना.

मी आत गेले, जिमचं कार्ड आणलं आणि कात्री तिच्या हातात दिली. कार्ड कोरं करकरीत होतं. कधी वापरलंच नव्हतं. तिने पट्टी घासली, मी दोरा सरकवला. हाताला ते आठवत होतं. संध्याकाळपर्यंत माशी बाटलीत परतली.

शनिवारी हॉल भरला होता. ऋग्वेदाने सवयीने बटण दोनवर ठेवलं. मी उठले, पुढे गेले, ते सहावर नेलं आणि जागेवर येऊन बसले. मग भैरवी झाली. हॉल गरम ठेवणाऱ्या हीट पंपांची घरघरसुद्धा त्या सुरात मिसळली. मी चष्मा दोनदा पुसला, बाकी काही नाही.

बाळासाहेबकाका एरवी टाळांच्या भीतीने श्रवणयंत्र काढून बसतात. त्या दिवशी खास बाबांसाठी त्यांनी ते लावलं होतं. कार्यक्रम संपताच ते माझ्याकडे आले. चेहरा पडलेला.

"मुग्धा, पाव वळसा राहिला गं," ते म्हणाले आणि खिशातून ती किल्ली काढून गिटारकडे निघाले.

मी किल्ली त्यांच्या हातातून घेतली, आधी चहा घ्या म्हटलं आणि पर्समध्ये टाकली. त्यानंतर काका दोनदा घरी येऊन गेले. किल्ली काही सापडत नाही. मीही त्यांच्याबरोबर शोधते, सोफ्याखाली टॉर्च मारून.