एका पायातला मोजा

दौंड स्टेशनवर रीतसर तिकीट काढून कुठेच न जाणारा एकच माणूस आहे, आणि तो आमच्या गावचा आहे. मी तिकीट खिडकीवर बसतो. दर सोमवारी सकाळी मांडवगण फराट्याहून गणपतआप्पा येतात, प्लॅटफॉर्म तिकीट घेतात आणि पुलाचा जिना चढू लागतात. उजव्या पायात राखाडी मोजा, डावा पाय उघडा, दोन्हींत चपला. कठड्याला हात न लावता तीन वेळा चढायचं, तीन वेळा उतरायचं. मग एक चहा आणि परतीची एसटी. हमाल मला विचारतात, "तुमच्या आप्पांची गाडी कवा येनार?"

मधल्या वेळात कोणी लंगडताना दिसला की आप्पा त्याला आडवे जातात. "थांब. आवाज आला व्हता का?"

"कसला?"

"गुडघ्यात. कट् करून. आला आसंल तर चोळू नको, ओढू नको. बर्फ लाव, पाय उशीवर ठिव, आन् हाडाच्या डॉक्टरकडं जा."

एकदा आमचे टीसी प्लॅटफॉर्म तिकिटाची मुदत संपली म्हणून आप्पांना दंड करायला गेले. खो-खोच्या मॅचपासून टीसींची टाच दुखत होती. मागून कोणीतरी दगड मारला असं वाटलं म्हणे, वळून पाहिलं तर मागे कोणीच नव्हतं. आप्पा म्हणाले, "त्या एका पायाच्या चवड्यावर हुभे ऱ्हावा." साहेबांना टाच उचलता येईना. टाचेवरची जाड शीर तुटलेली निघाली. दंड बाजूलाच राहिला, साहेब प्लास्टरमध्ये गेले.

हे सगळं ज्ञान आप्पांना फार महागात मिळालंय.

आप्पा पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून आलेले. आमच्याकडे पायाळू माणसाने पाय लावला की उसण उतरते, असं मानतात. बुधवारी आणि रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर रांग लागायची. माणूस पालथा पडायचा, आप्पा कमरेला उजवा पाय तीनदा टेकवायचे आणि म्हणायचे, "ऊठ, मोकळा झालास." आणि माणूस उठायचाही! मीही उठलोय. पोती उचलून धरलेली कंबर चार दिवसांत आपोआप सुटतेच, हे तेव्हा कोणाच्या लक्षात येणार? श्रेय पायाला. त्या पायाचा आप्पांना भारी तोरा. चिखलात आधी डावा घालायचे.

बायको लवकर गेली. घरात आप्पा आणि मुलगी सारिका, दोघंच. सारिका कबड्डी खेळायची आणि पोलीस भरतीची तयारी करायची. पहाटे ती धावायची आणि आप्पा मागून सायकलवर, हातात घड्याळ.

भरतीला बारा दिवस उरले असताना गावच्या मैदानात चढाई करताना तिचा पाय रोवलेला राहिला आणि अंग फिरलं. कट् असा आवाज आप्पांनी रेषेबाहेरून ऐकला. मीसुद्धा ऐकला. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजून टम्म झाला. दवाखान्यात न्यायला मी मोटरसायकल घेऊन आलो होतो. आप्पा म्हणाले, "शीर मोकळी झाल्याचा आवाज हाय त्यो. घरात औषध आस्ताना बाहेर कशाला?" मी गाडी बंद केली. त्याची लाज मला अजून वाटते.

तीन दिवस पाय लावला, वर तेलाचं चोळण. सूज उतरली. सारिका सरळ चालायला लागली, म्हणून भरतीला गेली. मैदानाच्या वळणावर गुडघा तिच्या खालून निघून गेला.

डॉक्टर शांतपणे बोलत होते, तेच जास्त लागलं. म्हणाले, "बाजूचा लिगामेंट असता तर पट्टा आणि व्यायामावर बहुधा सांधला असता. अर्धवट फाटलेल्यालाही बरेचदा ऑपरेशन लागत नाही. हा आतला आहे आणि पूर्ण तुटलाय. तो आपला आपण जुळत नाही. हिला धावायचंय, म्हणजे मांडीमागची शीर घेऊन नवा करावा लागेल. पण तशीच धावल्यामुळे गुडघ्यातली गादीही फाटली. ते टाळता आलं असतं."

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. आप्पा दवाखान्याच्या बाकावर उजवा पाय डाव्याखाली दडवून बसले होते. घरी आल्यावर सारिका एकच वाक्य बोलली, "आप्पा, तुम्ही पाय लावला नसता तर मी पहिल्याच दिवशी डॉक्टरकडं गेली आसती." दुसऱ्या दिवशी मामा येऊन तिला यवतला घेऊन गेले. त्याला सहा महिने झाले. आप्पांचा फोन ती घेत नाही.

मोजा त्याच दिवशी चढला. लोक ओट्यावर येतच होते. "उघडा दिसला की कंबर फुडं करत्यात," आप्पा म्हणाले. आंघोळ सोडली तर तो निघत नाही.

गेल्या सोमवारी न राहवून मी खिडकी दुसऱ्याकडे देऊन बाहेर आलो. आप्पा दुसरा फेरा उतरून बाकावर धापा टाकत होते. विचारलं, "आप्पा, हे काय चाललंय?"

त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद काढला. दवाखान्यातून मिळालेला, सारिकाच्या व्यायामाचा. टाच सरकवणे, पाय सरळ उचलणे, कितीदा, कोणत्या महिन्यात. जाताना ती घरीच विसरली होती. दवाखान्याने तिला दुसरा दिला असणार, हे मी बोललो नाही.

"पयल्या दिवसापास्नं समदं करतोय," आप्पा म्हणाले. "कटाळा करती ती. येखाद्या दिशी ऱ्हायलं तर हिकडं झालेलं बरं. आता जिना लिवलाय, आन् आपल्या गावात येवढा जिना कुठं हाय?"

"पण गुडघा तिचा आहे आप्पा. तुमच्या चढण्याने काय होणार?"

"ठावं हाय मला." ते मोज्याकडे बघत राहिले. "पाय लावून काय व्हत न्हाई, त्येबी आता ठावं हाय. पर तिच्या मामाचं घर बसकं हाय रं. येकबी पायरी न्हाई. तिचा जिना ऱ्हात आसंल."

मी कागद घडी घालून परत दिला. त्यावर तीन फेरे लिहिले होते आणि त्यांचे दोनच झाले होते. ते उठले.