कदम भाऊसाहेबांचा चार्ज

कदम भाऊसाहेबांनी आमच्या बाथरूमच्या खिडकीतून वायर आत घेतली, त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. हे त्यांच्या लक्षात यायला आठ दिवस लागले, कारण बोलायचं काम तेच करत होते.

वायरही साधीसुधी नाही. अंगठ्याएवढी जाड, काळीकुट्ट, आणि टोकाला तीन पिनांचा दांडगा प्लग. तो आमच्या गिझरच्या बोर्डाला बसायचा. म्हणजे यांची गाडी चार्ज होत असेपर्यंत आमच्या घरात गरम पाणी बंद. आणि गाडीला लागायचे सात-आठ तास! एमआयडीसीतून रात्रपाळी करून, अंगाला केमिकलचा वास घेऊन आलेला माझा नवरा बादलीत बोट बुडवून उभा, आणि खिडकीबाहेर घडीच्या खुर्चीवर, छत्री उघडून, भाऊसाहेब गाडीची राखण करत बसलेले. सांगा, कोणाचं डोकं फिरणार नाही?

गाडी विजेवरची होती. दोन दारांची, जत्रेतल्या पाळण्यात बसवावी एवढीशी. पुण्याच्या कोणा डॉक्टरकडून त्यांनी ती जुनी घेतली आणि टेम्पोत घालून महाडला आणली. दोन हजार सात साल असेल. तेव्हा मिक्सर फिरवायचा तरी आधी घड्याळ बघायला लागायचं, कारण लोडशेडिंगमुळे लाईट कधी जाईल याचा नेम नव्हता. अशा दिवसांत ह्या गृहस्थाला विजेवरची मोटार सुचली! त्यातही गंमत अशी, की आळीची त्यांची बाजू सारखी अंधारात आणि आमची बाजू सरकारी दवाखान्याच्या लाईनवर, म्हणून जरा बरी. तेवढ्यासाठी आमची खिडकी. विजेचे पैसे ते चोख देत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाकी सगळ्याबद्दल आहे.

भाऊसाहेब तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले. माणूस कचेरीतून बाहेर आला, पण कचेरी काही माणसातून बाहेर येईना. दूधवाला म्हणाला, उद्या खाडा, की हे म्हणणार, "लेखी द्या." गुरुजींनी सत्यनारायणाची वेळ सांगितली, "लेखी द्या." वीज कचेरीत रोज फोन. पलीकडचा बिचारा म्हणे, येईल लाईट तासाभरात, आणि हे इकडून ओरडत, "लेखी द्या!" सगळी आळी ऐकायची. वायर जोडली की "गाडीनं चार्ज घेतला" आणि वायर काढली की "गाडीनं चार्ज सोडला". जणू गाडी नव्हे, बदली होऊन आलेल्या नायब तहसीलदारीणबाई! अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा पुरला होता, त्याला रोज सकाळी तांब्याभर पाणी. तुळशीला त्यांची बायको, कदमवहिनी, घालायच्या, खड्ड्याला हे.

एक दिवस माझा पारा चढला. नवरा तापाने फणफणलेला, त्याला पाणी तापवून हवं होतं. मी सरळ प्लग उपटला आणि वायर खिडकीबाहेर फेकली. तासाभरात दाराशी अर्ज. फुलस्केप कागदावर, समास सोडून. विषय : चालू असलेला चार्ज मध्येच खंडित केल्याबाबत. मी तो त्यांच्या देखत फाडला. त्यांनी खिशातून दुसरी प्रत काढून माझ्या हातात दिली. कार्बन घालून लिहिला होता मेला.

दुसऱ्या दिवशी कदमवहिनी आल्या. तीस वर्षांच्या शेजारात ही बाई कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकली नाही. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बाई, ही गाडी माझ्यासाठी आहे.

त्यांना गाडी लागायची हे मला ठाऊक होतं. पण लागायची म्हणजे घाटात आपल्याला लागते तशी नव्हे. एसटी स्टँडवर नुसता डिझेलचा वास आला तरी त्या पदर तोंडाला लावून मटकन खाली बसत. आवळासुपारी झाली, लिंबू झालं, पोटावर वर्तमानपत्राची घडी बांधून झाली. रिक्षा, जीप, सगळं करून बघितलं. माहेर पोलादपूरच्या पुढे कापडे गावात, महाडपासून तासाभराची वाट. पण त्या वीस वर्षांत गेल्या नव्हत्या. शेवटच्या निघाल्या त्या वडील गेले तेव्हा. एसटीत एवढ्या ओकल्या की पोलादपूरला शुद्धच हरपली. दवाखान्यात सलाईन लावलं, आणि तिकडे गावानं वाट पाहून पाहून वडिलांना उचललं. गाडीत लोक बघत होते म्हणून भाऊसाहेब त्यांच्यावर खेकसले होते, जरा कळ काढता येत नाही का म्हणून. हे वहिनींनी मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

आणि आता आई. ऐंशीच्या पुढची, तिला माणसं ओळखू येईनात. भाऊ फोनवर सांगायचा, तुझं नाव घेते पण समोर कोण आहे ते कळत नाही. वहिनी म्हणाल्या, "मला पार विसरायच्या आत एकदा तिच्यासमोर जाऊन बसायचंय, बाई."

मी वायर परत लावली. राग गेला असं समजू नका. अहो, बायकोसाठी करतोय एवढं एक वाक्य ह्या माणसाला बोलता आलं नाही, पण अर्ज दोन प्रतींत लिहिता आला!

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर निघायचं ठरलं. मीही यावं असा भाऊसाहेबांचा आदेश. का, तर मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, म्हणजे सरकारी नोकर. वाटेत गाडी बंद पडली तर पंचनाम्याला पंच पाहिजे. मी नाहीच म्हणणार होते, पण वहिनींनी माझा हात धरला. रविवारी संध्याकाळी परत येऊ म्हणाले. मी मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसले.

गाडी निघाली आणि खरंच सांगते, आवाज नाही, धूर नाही, वास नाही. वहिनी खिडकीची काच खाली करून बाहेर बघत होत्या. नाते खिंडीपासून पोलादपूरपर्यंत एकदाही पदर तोंडाला गेला नाही. भाऊसाहेब मात्र रस्त्याकडे कमी आणि चार्जच्या काट्याकडे जास्त बघत होते. मागून ट्रक हॉर्न वाजवत, आणि हे काच खाली करून प्रत्येकाला ओव्हरटेकचे नियम सांगत.

पोलादपूरला हमीदभाईंच्या गॅरेजात गाडी लावायचं आधीच ठरलं होतं. पुढे चढण, आणि जुन्या बॅटऱ्यांवर भरवसा नाही. तिथल्या लाईटच्या वेळा भाऊसाहेबांनी विचारून घेतल्या होत्या, अर्थात लेखी. प्लग लावला, गाडीनं चार्ज घेतला, आणि दहाव्या मिनिटाला लाईट गेली.

मग जे सुरू झालं ते काय सांगू! भाऊसाहेब रस्त्याच्या मधोमध उभे राहून तो कागद फडकवतायत, दोनशे माणसं गाडीभोवती, कोणी विचारतंय पेट्रोल कुठून घालायचं, कोणी बॉनेटमध्ये इंजिन शोधतंय. हमीदभाई कुवेतला चौदा वर्षं काढून आलेले, शांत माणूस. त्यांनी वेल्डिंगचा जनरेटर चालू केला. भकाभका काळा धूर! ते म्हणाले, "भाऊसाहेब, डिझेलच जाळायचं होतं तर माझी जीप काय वाईट होती?"

भाऊसाहेबांनी वायर जनरेटरला जोडली. वहिनींना रस्त्यापलीकडच्या हॉटेलात, वाऱ्याच्या उलट बाजूला नेऊन बसवलं, आणि दोन तास जनरेटरपाशी उभं राहून धूर तिकडे जाऊ नये म्हणून त्याच लेखी कागदानं वारा घालत राहिले. पलीकडे वहिनी भजी खात होत्या. प्रवासात काही खाल्लेलं मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

कापड्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. म्हातारी पडवीत बसली होती. वहिनींनी पाय धरले. म्हातारीनं त्यांच्याकडे नीट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि माझा हात ओढून म्हणाली, "सुले, बारीक झालीस गो." सुलू म्हणजे वहिनी. आणि वहिनींना विचारते, तुम्ही दवाखान्यातल्या नर्सबाई काय?

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी हात सोडवायला बघते आणि म्हातारी सोडेना. वहिनी म्हणाल्या, असू दे बाई, बसा तुम्ही. आणि नर्सबाई होऊन त्या आईचे पाय चेपत बसल्या. भाऊसाहेब उंबऱ्यात उभे होते. ते मागच्या पडवीत गेले. तिथे पंपाचा बोर्ड होता, त्याला वायर जोडली आणि सगळ्यांना बजावलं, इकडे कोणी फिरकायचं नाही.

रविवारी संध्याकाळी निघायच्या वेळी बघतो तर काटा जिथल्या तिथे. गाडीनं चार्ज घेतलाच नव्हता. भाऊसाहेबांनी गावच्या वायरमनला बोलावून असा फैलावर घेतला की विचारू नका. व्होल्टेज नाही, अर्थिंग नाही, तुमच्या खात्याला लाज नाही, लेखी द्या. तो गरीब माणूस खांबावर चढला, उतरला, पुन्हा चढला. म्हणतो, "सायब, लाईन तर बरोबर हाय." मी डोक्याला हात लावला. सोमवारी माझ्या वर्गाची तपासणी होती, आणि मी इथे आडगावात दुसऱ्याची मुलगी होऊन बसलेली!

तिडीक येऊन मी मागच्या पडवीत गेले. बोर्ड बघितला. बटण वर होतं. बटण खाली म्हणजे चालू, हे माझ्या पहिलीतल्या पोरींनाही ठाऊक आहे.

भाऊसाहेब मागोमाग आले. मी तोंड उघडलं. म्हणजे मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या वायरमनला का राबवलात, माझी नोकरी घालवायची आहे का, लाज आहे का, सगळं बोलले. त्यांनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं. सगळी हयात कचेरीत गेलेला माणूस, ऐकून घेताना मी त्याला पहिल्यांदाच बघत होते.

मग हळूच म्हणाले, "म्हातारीला अजून हिची ओळख पटलेली नाही, बाई. ओळख पटल्याशिवाय चार्ज सोडायचा कसा?"

थांबू या असं वहिनींना सरळ सांगा की, मी म्हटलं. तर म्हणे, सांगितलं तर ती निघेल. माझ्यामुळे तुम्ही खोळंबलात म्हणेल आणि निघेल. एकदा गाडीत तिला बोललो होतो, तेव्हापासून ती स्वतःसाठी कोणाला थांबवत नाही. गाडी बंद असली तर थांबेल. तुमच्या रजेचा अर्ज मी लिहितो, आत्ता लिहितो. त्यांनी खिशातून पेन काढलंही.

रजेचा अर्ज माझा मी लिहिला. वायरमनला मात्र त्यांना माझ्या देखत चहाला बोलवायला लावलं.

सोमवार गेला. म्हातारी मलाच घास भरवायची, नर्सबाईंना औषधाच्या वेळा विचारायची. भाऊसाहेब दर तासाला गाडीपाशी जाऊन विजेला शिव्या देत. मीही दोन दिल्या, साथ म्हणून.

मंगळवारी सकाळी वहिनी आईची वेणी घालत होत्या. मी समोर तांदूळ निवडत होते, भाऊसाहेब खांबाला टेकून पेपर वाचत होते. म्हातारीनं एकाएकी मान वळवली. वहिनींचं मनगट धरलं आणि त्यांच्या तोंडाकडे खूप वेळ बघत राहिली.

"सुले," ती म्हणाली, "कवा आलीस गो? गाडी नाय ना लागली तुला?"

वहिनींच्या हातातून फणी पडली. नाय गो आये, नाय लागली, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, आणि म्हातारी त्यांच्या गालावरून हात फिरवत राहिली.

भाऊसाहेबांनी पेपराची घडी केली. उठले आणि मागच्या पडवीत गेले. बटण खाली पडल्याचा आवाज मला ऐकू आला. बराच वेळ ते तिथेच थांबले, नाक शिंकरल्याचाही आवाज आला. मग दारात येऊन, कोणाकडेही न बघता, म्हणाले, "लाईट आली."

आमच्या डोक्यावर पंखा सकाळपासून फिरत होता. मी म्हटलं, "आली बाई एकदाची," आणि खाली मान घालून तांदूळ निवडत राहिले.