खाली माणूस असतं

नवा नकाशा सकाळी दहा वाजता सर्वांसाठी खुला झाला आणि साडेदहाला नकाशेकाकांच्या घरासमोर रांग लागली. काका तेव्हा ऑफिसात, त्याच नकाशासमोर बसले होते. रांगेची बातमी त्यांना शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी फोनवर दिली. तीन वर्षांत डॉक्टरांनी त्यांना केलेला हा पहिलाच फोन.

"अहो, तुमच्या दारात सतरा माणसं उभी आहेत. घर विकताय की काय?"

"मी? नाही बुवा."

"मग वरच्या खोल्या बघायला आलोय, असं का म्हणतायत? प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तुमचं घर! आणि माणसं कुठली आहेत माहितीये का? कारखान्यापलीकडची!"

शेवटचा शब्द डॉक्टरांनी असा उच्चारला, की जणू माणसं चंद्रावरून उतरली होती. त्यांचंही चूक नव्हतं म्हणा. गावात काका-डॉक्टरांसारखे टेकडीखालचे टेकडीखाली राहत आणि कारखान्यापलीकडचे कारखान्यापलीकडे. दोघांची गाठ पडायची ती फक्त दवाखान्याच्या रांगेत, आणि तिथे कोण कशाला बोलतंय! आता कारखान्यापलीकडच्या जुन्या इमारती पाडल्या होत्या, तिथली कुटुंबं पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढत होती, आणि त्यांना गावात कुठेही घर मिळवून द्यायचं काम काकांच्या ऑफिसकडे आलं होतं. सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या मॅडमचं म्हणणं असं, की लोक आपल्याच लोकांत घर शोधतात, कारण पलीकडे काय आहे ते त्यांना ठाऊकच नसतं. शाळा कुठे, बस कुठे थांबते, ऊन कुठून येतं, शेजार कसा आहे, सगळं नकाशावर दाखवा. माणसं आपणहून मिसळतील. रिकाम्या घराला हिरवा ठिपका, प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण. एका कुटुंबाने एकदाच घर निवडायचं. ते फसलं की यादीच्या शेवटी, म्हणजे आणखी एक वर्ष पत्र्याखाली.

आता यात काकांचं घर कसं घुसलं, ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी आधीच्या साहेबांनी रिकाम्या घराच्या नोंदीचा एक अर्ज नमुन्यादाखल भरून मागितला होता. काका तो घरी घेऊन आले आणि 'शेजार कसा आहे' या रकान्यापाशी अर्धा तास अडून बसले. शेवटी बायकोने तो हिसकावून घेतला.

"आणा इकडं. शेजारी कोण राहतं, हे तरी माहितीये का तुम्हाला?"

मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यापासून वरच्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या. बायकोने त्याच लिहिल्या आणि स्वतःच्या घराला कुणीही देईल तसे सगळीकडे दहापैकी दहा देऊन टाकले. खाली 'काही विशेष' असं होतं. तिथे लिहिलं, "पूर्वेच्या खिडकीत सकाळी इतकं ऊन येतं की चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येतो. जिन्याची तिसरी पायरी डुगडुगते, जपून. खाली दिवसभर माणूस असतं. हाक मारली की ओ मिळते."

पुढच्याच वर्षी ती गेली. अवघ्या नऊ दिवसांच्या आजारात.

नमुन्याची ती नोंद पुसायची होती. काकांनी पुसली नाही. संगणकात एका झाकलेल्या थराखाली ठेवून दिली. रोज एक वाजता डबा उघडायचा, ती नोंद उघडायची, आणि वाचत वाचत जेवायचं. पाठ झाली होती, तरी वाचायची. लोक फोटो बघतात, काका अर्ज वाचत. आणि आज सकाळी मॅडम उत्साहाने म्हणाल्या, "आपल्याला काही लपवायचं नाहीये. सगळे थर उघडा!" संगणकवाल्याने सगळे उघडले. दहापैकी दहाचं घर गावात पहिलं आलं.

काका घाईघाईने नोंद झाकायला गेले, तर ठिपका हिरव्याचा पिवळा झालेला. पिवळा म्हणजे कुणीतरी निवडलं. ते कुणीतरी दुपारी टेबलासमोर येऊन उभंही राहिलं. शर्टाच्या कारखान्यात शिलाईकाम करणारी एक बारीकशी बाई, आणि तिच्या हाताला धरून सासू.

"मी सव्वादहाला बटण दाबलं. मिळालं ना घर?"

"बाई, ते चुकून दिसलंय. तुम्ही दुसरं बघा."

"दुसरं कसं बघू? एकदाच निवडता येतं, असं तुम्हीच लिहिलंय की."

"चुकीची नोंद आहे म्हणून सांगतो मॅडमना. पण दोनशे घरं आहेत हो. हेच का?"

"शेवटच्या ओळीसाठी," शिलाईवाली म्हणाली. "मी सकाळी आठला जाते ती सहाला येते. दोन महिन्यांमागे या न्हाणीत पडल्या. दुपारी शेडमध्ये कुणी नसतं. पाच तास हाका मारत होत्या."

"सहा," सासूने दुरुस्ती केली. "आणि काय हो, ती खालची बाई बोलकी आहे ना? मला बोलकं माणूस लागतं. आमची सून म्हणजे भिंत!"

एवढं सगळं सुनेनेच सांगितलं होतं, पण ते असो. काकांनी तोंड उघडलं. 'ती बाई नाही' असे तीनच शब्द म्हणायचे होते. तीन वर्षांत ते त्यांनी कुणापुढेही म्हटले नव्हते, आणि आजही जीभ वळली नाही.

"बोलकी आहे," ते म्हणाले, आणि घाम पुसला.

इकडे डॉक्टर स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. नकाशावर कुणालाही आपल्या आळीबद्दल मत देता येतं, हे कळल्यावर त्यांनी नाव न घालता मत ठोकून दिलं: "पाणी नाही. रस्ता नाही. कुत्री चावतात. शेजारी भांडखोर." माणसं घाबरून येणार नाहीत, असा हिशोब. घाबरले ते डॉक्टरांचेच पेशंट. दुसऱ्या दिवशी चौघांनी फोन केले, "डॉक्टर, दात परवडला, कुत्रं नको."

एकाच आळीबद्दल एक नोंद स्वर्गातली आणि एक नरकातली, हे पाहून यंत्राने लाल खूण केली. लाल खूण म्हणजे प्रत्यक्ष पाहणी. मॅडमनी शुक्रवार ठरवला.

"अर्जातली ओळन् ओळ तपासायची," त्यांनी बजावलं. "एक जरी खोटी निघाली तर निवड रद्द. आणि खरी निघाली तर घर भरलं म्हणून तुम्ही ठिपका पुसायचा. नोंदीसकट."

काका रात्रंदिवस तेच घोळवत राहिले. खोटं ठरलं तर म्हातारी परत पत्र्याखाली. खरं ठरलं तर बायकोच्या चार ओळी पुसायच्या, आणि त्याही आपल्याच हाताने.

शुक्रवारी सकाळी मॅडम, शिलाईवाली, तिची सासू आणि पाहणीला साक्षीदार हवाच म्हणून आपणहून घुसलेले डॉक्टर असे सगळे जिना चढले. काकांना मॅडमनी खालीच थांबवलं. तिसरी पायरी डुगडुगली. "बरोबर," मॅडमनी खूण केली. खिडकीत ऊन होतं. शिलाईवालीने पिशवीतून सुई काढली आणि चष्मा न लावता पहिल्या झटक्यात दोरा ओवला. "बरोबर." मग मॅडमनी पुढची ओळ वाचली.

"खाली दिवसभर माणूस असतं. कोण, काकांच्या मिसेस का?"

"अहो, कसल्या मिसेस!" डॉक्टर उसळले. "वहिनी जाऊन तीन वर्षं झाली! हा दिवसभर ऑफिसात. घराला कुलूप!"

खाली स्वयंपाकघरात काकांना शब्दन् शब्द ऐकू आला. त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली.

"चला मग," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "रद्द करावं लागेल."

"थांबा की," सासू म्हणाली. "हाक मारून कुठं बघितलीये?" आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन तिने खणखणीत हाक दिली, "अहो, आहे का कुणी खाली?"

खालून काही आलं नाही. अशा हाकेला या घरात नेहमी दुसरंच कुणीतरी उत्तर द्यायचं. काका सवयीने त्याची वाट बघत उभे राहिले.

"आहे का कुणीऽऽ?"

"ओ," काका म्हणाले.

आवाज असा फाटका निघाला की त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. मग त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा मोठ्याने म्हणाले, "ओ! आहे मी!"

सगळे खाली आले. डॉक्टर सर्वांत शेवटी, तिसऱ्या पायरीवर अडखळून. ते काकांकडे बघेनात. भिंतीपलीकडून वहिनींचा असाच 'ओ' त्यांनीही वीस वर्षं ऐकला होता.

"पण तुम्ही दिवसा ऑफिसात असता ना?" शिलाईवालीने विचारलं.

"माझी चौऱ्याण्णव दिवसांची रजा साठलीये. घरी बसून करू काय, म्हणून घेतलीच नाही. मग एक दिवस हजेरी लावायची, की रिटायर. मी असेन खाली."

"बोलके आहात का?" सासूने वरपासून खालपर्यंत न्याहाळत विचारलं.

"नाही."

"बरं, शिकवीन."

मॅडमनी खूण केली. बाहेर पडताना डॉक्टर काकांच्या कानाशी लागले, "ते कुत्र्यांचं तेवढं पुसता येईल का हो?"

"मत पुसता येत नाही. नवं, चांगलं मत द्यावं लागतं."

सोमवारी रजेचा अर्ज देण्याआधी काकांनी ती नोंद उघडली. शेवटचं एकदा वाचली. 'पुसायचं?' असं यंत्राने विचारलं. 'हो' म्हटल्यावर 'नक्की?' असंही विचारलं. काकांनी बटण दाबलं आणि ठिपका गेला. एक वाजता डबा उघडला, समोर वाचायला काही नव्हतं. मग मात्र ते सगळ्या ऑफिसदेखत रडले.

रजेचे चौऱ्याण्णव दिवस कसे गेले, ते विचारू नका. म्हातारी दिवसातून अकरा वेळा हाक मारी, त्यातल्या दहा नुसत्या तपासणीच्या. डॉक्टरही बोलायला येऊन बसू लागले, कारण नवं मत दिल्याशिवाय पेशंट येईनात आणि चांगलं काय लिहावं ते सुचेना.

शेवटच्या दिवशी काका हजेरीला ऑफिसात गेले. टेबलावर अर्जांचा गठ्ठा होता. नव्या घरात तीन महिने झालेल्या कुटुंबांनी शेजाराबद्दल लिहायचं, आणि ते काकांनी नकाशावर चढवायचं. चौथा अर्ज शिलाईवालीचा होता. सगळे रकाने तिने कोरेच सोडले होते. 'काही विशेष' इथे मात्र बारीक, नीट अक्षरांत लिहिलं होतं:

"खाली दिवसभर माणूस असतं. हाक मारली की ओ मिळते. दुसऱ्या हाकेला."

काकांनी चष्मा पुसला आणि आहे तसं, एकही शब्द न बदलता, चढवलं.