खुनी कोण आणि बॅग कुणाची

"अर्धी गोष्ट सांगते, अर्धी मुठीत झाकते,
उद्या येशील राजसा, तेव्हा मूठ मी खोलते!"

आत्याचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. दुपारी शेंगा सोलता सोलता ती गोष्ट सांगायची. राक्षसाचा हात राजकन्येच्या खांद्यावर पडणार, एवढ्यात या दोन ओळी गाऊन टोपली उचलून आत निघून जायची. आम्ही पोरं तिथंच, तोंडाचा आ करून! तेव्हाच मी ठरवलं, मोठेपणी लोकांना असंच छळायचं.

आणि छळतो आहे! माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि उरलेल्या वेळात मी एका साप्ताहिकात रहस्यमय प्रेमकथा चालवतो. रहस्य माझं, प्रेम बायकोचं. एक प्रकरण मी लिहितो, एक ती. लेखक म्हणून नाव मात्र एकच, तेही बाईचं. त्यामुळे वाचकांची पत्रं मला 'प्रिय ताई' म्हणून येतात. आता सवय झाली आहे.

आमचा नियम एकच. पुढं काय होणार हे एकमेकांना विचारायचं नाही! माझं प्रकरण मी तिच्या शिलाई मशीनवर ठेवतो, तिचं ती माझ्या डब्याच्या पिशवीत टाकते. ते मी दुकानात गिऱ्हाइकांना वाचायला देतो, जवळचा नंबर तपासायला. गिऱ्हाइकानं कागद नाकाशी ओढला की समजावं, प्रेम जमलं. पान उलटायची घाई केली की रहस्य जमलं. जांभई दिली की दोघांनीही पुन्हा लिहायचं. वाचकाला काय हवं हे ओळखायची याहून अचूक पद्धत जगात नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो!

म्हणूनच परवा सकाळी संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी जराही डगमगलो नाही.

"हे बघा, शेवटच्या प्रकरणात मला दोन्ही हवं. लग्नही लागलं पाहिजे आणि खुनीही सापडला पाहिजे. नुसतं लग्न लावलंत तर अर्धे वाचक चिडतील, नुसता खुनी पकडलात तर उरलेले रडतील."

"होईल!"

"आणि लग्न खुन्याशी नको!"

"छे, छे! भलतंच काय!" मी म्हणालो. (माझा तोच बेत होता.)

दुपारी डबा उघडला आणि बायकोनं लिहिलेलं शेवटून दुसरं प्रकरण वाचायला घेतलं. नायिका इन्स्पेक्टरचं घर सोडून निघाली होती. तिनं बॅग भरली, आपली कामाची हत्यारं झाकून ठेवली, आणि स्वतःशीच म्हणाली, 'ज्यानं कधी विचारलंच नाही, त्याला सांगून तरी काय जायचं?' दूर कुठंतरी कुणी वाद्याचे सूर जुळवत होतं.

वा! म्हटलं, काय लिहिते ही!

आणि घास हातातच राहिला. आमची माळ्यावरची बॅग कालपासून पलंगाशेजारी उभी होती. शिलाई मशीनवर सकाळी चादर होती. आणि मी दात घासत असताना ती फोनवर कुणाला तरी म्हणत होती, "नाही गं, यांना अजून बोलले नाही. शनिवारी निघते." मी ते नीट ऐकलं होतं. ऐकून चूळ भरली होती! डोक्यात एकच विचार होता, खुनासाठी दोरी बरी की उशी?

छातीत मशीन सुरू झालं, तेही दोरा नसलेलं. नुसतीच खडखड! ही मला सोडून चालली होती. आणि जाता जाता माझ्याच डब्यात निरोप ठेवून!

तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, फोन करून विचार की! अहो, नियम होता ना! शिवाय रहस्यकथा लिहिणारा माणूस विचारत नाही, धागेदोरे जमवतो. पहिला धागा, वाद्य. आमच्या गल्लीत वाद्य वाजवणारा प्राणी एकच, समोरचे व्हायोलिनचे मास्तर. त्यांचा कोट गेले कित्येक दिवस हिच्याकडे! एका माणसाचा कोट इतके दिवस लहानमोठा होतो?

तेवढ्यात दार ढकलून कोण आत यावं? मास्तर!

"जवळचं दिसेनासं झालंय हो. सुरांचे कागद म्हणजे नुसत्या मुंग्या!"

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि तेच प्रकरण पुढं केलं. "वाचा. मोठ्यानं."

मास्तरांनी कागद नाकाशी ओढला. 'ज्यानं कधी विचारलंच नाही' इथं त्यांचा आवाज दाटला. दुसरा धागा!

"मास्तर, शनिवारी काय करताय?"

"शनिवारी? बाहेरगावी जातोय. का?"

तिसरा धागा! धागे कसले, आता दोरखंड झाला होता. त्यांना आणखी थोडा वेळ खुर्चीत अडकवावं म्हणून मी त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकले, बुबुळं मोठी करणारे. मग भिंग लावून त्या बुबुळांत डोकावलो. वाटलं, तळाशी कुठंतरी बायको दिसेल. मलाच मी दिसलो, उलटा आणि घामाघूम.

"झालं का हो? मला वहिनींकडे जायचंय. कोट घालून बघायचाय. शनिवारच्या आधी हवाच म्हणाल्या त्या."

मास्तर उठले. थेंबांमुळे त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पुतळ्याला टांगलेल्या गॉगलला नमस्कार करून ते बाहेर पडले. मी दुकानाला कुलूप ठोकलं आणि मागोमाग निघालो. पण ते भिंतीला हात लावत चाललेले, आणि मी लपत! विजेच्या खांबामागं उभं राहावं तर पोट बाहेर राहतं. एकदा मास्तर खड्ड्याच्या तोंडाशी गेले, तेव्हा मला धावत जाऊन त्यांचा हात धरावा लागला.

"देव तुमचं भलं करो, काका," ते म्हणाले. मी आवाज बदलून "असू दे, असू दे" म्हणालो. आपल्या बायकोला पळवणाऱ्याला आपणच हात धरून आपल्या दारात पोचवायचं! अशी वेळ मी माझ्या कुठल्या खलनायकावरसुद्धा आणलेली नाही.

ते आत गेले. मी दोन श्वास घेतले आणि दार लोटलं. मास्तर दोन्ही हात पसरून उभे, आणि माझी बायको त्यांच्या छातीशी!

"थांबा!" मी ओरडलो. "मला सगळं कळलंय!"

बायको वळली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळं नुसते डोळेच बोलले, आणि ते काही बरं बोलले नाहीत. तिनं एकेक टाचणी काढून कोटात खोचली. मला प्रत्येक टाचणी स्वतःत घुसल्यासारखी वाटली.

"काय कळलंय?"

"बॅग. फोन. शनिवार. आणि हे!"

"मी?" मास्तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "मी तर विद्यार्थ्यांना स्पर्धेला घेऊन चाललोय. काका, तुम्ही अजून आहात होय?"

मग तोंडातून तो एक प्रश्न निघाला, नियम मोडून, चिरक्या आवाजात. "तू कुठं चाललीस?"

बायको मटकन बॅगेवर बसली. "विचारलंत! अहो, विचारलंत एकदाचं! ताईकडे चाललेय. गुडघ्याचं ऑपरेशन आहे तिचं. आठ दिवस."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचाराल म्हणून! बॅग काढून ठेवली, मशीन झाकलं, फोनवर मुद्दाम मोठ्यानं बोलले. शेवटी अख्खं प्रकरण लिहिलं! ढीगभर वाचकांना समजलं असतं त्यातलं. तुम्ही काय केलंत? या बिचाऱ्यांच्या डोळ्यांत औषध घातलंत!"

"म्हणजे ती कथा तुम्ही लिहिता?" मास्तरांनी टांगलेल्या झग्याचा हात हातात घेतला. "ताई! आमच्या घरी तिच्यावरून भांडणं होतात हो! खुनी कोण, तेवढं सांगा!"

"ते यांचं खातं," बायको म्हणाली. "माझ्याकडे फक्त प्रेम. तेही एकटीनंच सांभाळायचं."

ती उठून पुन्हा कोटाकडे वळली. इतकी वर्षं माणसं मारली, इतकी भीती वाटली नव्हती.

"तू घरात नसलीस," मी म्हणालो, "की मला भीती वाटते. तू बाहेर गेलीस की हे सगळे खून मी त्या भीतीतच लिहितो. तुझं मशीन चालू असलं, की मला एकही मुडदा सुचत नाही."

तिचा हात कोटावरच थांबला.

"अरे बापरे!" मास्तर झग्याला म्हणाले. "म्हणजे वहिनी गेल्या तरच खुनी सापडणार! वहिनी, तुम्ही जाच! वाचकांचा विचार करा!"

"खड्ड्यात गेला तो खुनी!" मी म्हणालो. "मला ही घरात हवी आहे!"